ओटीवरून दिसलेलं स्वातंत्र्य

माझ्या आजीच्या तोंडी '१९४७ साल' हे शब्द कधी आले नाहीत. आमचं गाव अलिबाग तालुक्यातल्या खारेपाटातलं, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातलं. तिथे साल आकड्याने मोजायची रीत नव्हती. माझ्या वडिलांचा जन्म कधीचा, असं विचारलं की ती म्हणायची, "रामदास बुरली तवा तुजा बापूस पोटान व्हता."

१७ जुलै १९४७, आषाढातली अमावस्या. सकाळी आठच्या सुमारास भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ लाटेच्या तडाख्याने कलंडली आणि बघता बघता पाण्याखाली गेली. सहाशेहून जास्त माणसं बुडाली. मुंबईला मासळी घेऊन निघालेल्या कोळ्यांनी होडीतली मासळी समुद्रात लोटून दिली आणि त्या जागी माणसं ओढून घेतली, हे आमच्या किनाऱ्यावर आजही सांगतात. त्यानंतर एकोणतीस दिवसांनी देश स्वतंत्र झाला. कित्येक घरांत त्या वर्षी कुठलाच सण नव्हता. आजीला १५ ऑगस्ट आठवत नव्हता. तिला १७ जुलै आठवत होता, तोही तारखेने नाही, अमावस्येने.

मी गेली पंचवीस वर्षं रायगड जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात इंग्रजी साहित्य शिकवते. भारतीय इंग्रजी कादंबरीचा पेपर माझ्याकडे असतो. त्या पेपरात स्वातंत्र्याचा काळ येतो तो ठरलेल्या वाटेने येतो. पंजाबातून येणारी प्रेतांनी भरलेली आगगाडी, दिल्लीतला जुना वाडा, कलकत्त्यातली दंगल, मुंबईतला मलबार हिलच्या बाजूचा बंगला आणि मध्यरात्रीचे बारा ठोके. समोर बसलेली मुलं पोयनाडची, पेझारीची, रेवदंड्याची, म्हसळ्याची असतात. ती हे सगळं मन लावून वाचतात, परीक्षेत चांगलं लिहितात आणि घरी जातात. स्वातंत्र्य ही दुसऱ्यांच्या गावी घडलेली गोष्ट आहे, अशी त्यांची समजूत घट्ट होत जाते. त्यात माझाही हात आहे, म्हणून हे लिहिते आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं: वसाहतोत्तर इंग्रजी कादंबरीने स्वातंत्र्य पाहिलं ते ओटीवरून. कोकणातल्या माणसाला ओटी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही; इतरांसाठी, घराच्या दर्शनी भागातली उंच ओसरी. खोत, म्हणजे गावचा सारा गोळा करणारा जमीनदार, ओटीवर बसायचा आणि जमीन कसणारं कूळ अंगणात उभं राहायचं. ओटीवरून अंगण दिसतं, पण अंगणातून ओटी कशी दिसते ते ओटीवर बसून कळत नाही. सत्ता एका हातातून दुसऱ्या हातात गेली, ही ओटीवरची घटना होती. तिला मुहूर्त होता, तास होता. अंगणातल्या माणसाचं स्वातंत्र्य मात्र एका रात्रीत आलं नाही. ते वीस-पंचवीस वर्षं हप्त्याहप्त्याने येत राहिलं, कधी पाण्याच्या रूपात, कधी सातबाऱ्यावरच्या एका ओळीच्या रूपात. ज्या कादंबरीचा सांधा मध्यरात्रीवर आहे तिला ते दिसणं अवघड आहे.

खुशवंत सिंगांची 'ट्रेन टू पाकिस्तान' १९५६ची. तिच्या थोरवीबद्दल मला शंका नाही. मनो माजरा हे छोटं गाव, शीख आणि मुसलमान शेजारी, आणि एके दिवशी स्टेशनात येऊन उभी राहिलेली ती गाडी. दर वर्षी शिकवताना त्या प्रकरणापाशी माझा आवाज बदलतो. पण फाळणी म्हणजे आगगाडी, हे समीकरण त्या कादंबरीनंतर इतकं पक्कं झालं की जिथे आगगाडीच नव्हती तिथे काही घडलंच नसेल असं वाटू लागलं. कोकण रेल्वे पूर्णपणे धावू लागली १९९८ साली. आमची फाळणी झाली असेल तर ती बोटीने झाली. कराचीत मोठी मराठी वस्ती होती. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे कोकणी मुसलमान खलाशी पिढ्यान् पिढ्या मुंबई आणि कराची या दोन्ही बंदरांत वावरत आले होते. एक भाऊ मुंबईच्या गोदीत आणि दुसरा कराचीच्या, आणि मधला समुद्र एकाएकी दोन देशांचा, अशी घरं या किनाऱ्यावर आहेत. त्यांच्यात रक्तपात झाला नाही. पत्र येईनासं झालं, एवढंच. रक्त न सांडता तुटलेलं घर हा कादंबरीचा विषय नाही, असं कोण म्हणेल?

आणि याच खलाशांचा आणखी एक धागा. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत 'तलवार' या नौदलाच्या तळावर बंड झालं, ते पसरत कराचीपर्यंत गेलं आणि गिरणगाव रस्त्यावर उतरलं. नौदलाच्या खालच्या श्रेणीत रत्नागिरीची माणसं जुनी होती आणि गिरणीत तर कोकणच होतं. इंग्रजांचा आरमारावरचा भरवसा उडवणारी ही घटना मला इंग्रजी कादंबरीच्या गाभ्यात कुठे भेटलेली नाही. भेटली तर आनंदाने शिकवीन.

आता 'मिडनाइट्स चिल्ड्रन'कडे येते, कारण तिच्याशी माझं नातं सगळ्यांत गुंतागुंतीचं आहे. सलमान रश्दींची ही कादंबरी १९८१ मध्ये आली आणि तिला बुकर मिळालं. पुढे १९९३ आणि २००८ साली 'बुकरविजेत्यांतली सर्वोत्तम' म्हणून तिचीच निवड झाली. भारताचं स्वातंत्र्य म्हटलं की जगातला वाचक आज जे डोळ्यांसमोर आणतो, त्यातला बराच भाग या एका पुस्तकाने घडवला आहे. म्हणून तिला प्रश्न विचारायला हवेत, आणि ते तिच्यावरच्या प्रेमानेच विचारता येतात.

या कादंबरीचा सगळा डोलारा एका बाईच्या हातावर उभा आहे. तिचं नाव मेरी परेरा. मुंबईतल्या प्रसूतिगृहात काम करणारी गोव्याची ख्रिस्ती बाई. १५ ऑगस्टच्या मध्यरात्री ती दोन बाळांची अदलाबदल करते, श्रीमंताचं मूल गरिबाकडे आणि गरिबाचं श्रीमंताकडे. ती हे करते जोसेफ डिकोस्टा या क्रांतीची स्वप्नं पाहणाऱ्या माणसाच्या प्रेमापोटी. मग पश्चात्तापाने त्याच घरात आया म्हणून राहते आणि चुकीच्या बाळाला वाढवते. कादंबरीच्या अखेरीला ती मिसेस ब्रगांझा या नावाने लोणच्याच्या कारखान्याची मालकीण होते. कादंबरीचा निवेदक सलीम सिनाई आपली सगळी कहाणी लिहितो ती तिच्याच छपराखाली बसून. म्हणजे देशाचं भवितव्य बदलणारी पण तीच आणि ती कहाणी लिहायला जागा देणारी पण तीच.

मी हे पुस्तक सातव्या-आठव्या वेळी शिकवत होते तेव्हा माझ्या डोक्यात एक साधी गोष्ट आली आणि मी वर्गातच थांबले. त्या मध्यरात्री मेरीचा मुलूख स्वतंत्र झालाच नव्हता. गोवा पोर्तुगिजांकडे होता आणि पुढची चौदा वर्षं राहणार होता. देशाच्या जन्माची घटिका जिच्या हाताने उलटीपालटी होते, तिला त्या घटिकेत देशच मिळाला नव्हता. केवढी मोठी गोष्ट! रश्दींनी घेतली असती तर तिचं सोनं केलं असतं. पण कादंबरी त्या रात्री तिथे रेंगाळत नाही. तिला घाई आहे, बारा वाजायचे आहेत.

कोकणी माणूस इंग्रजी कादंबरीत येतो तो असा, कामाला. आया, स्वयंपाकी, गिरणी कामगार, पार्श्वभूमीला जाळी वाळत घालणारा कोळी. त्याच्या हातून कथानकातली मोठमोठी कामं होतात, पण त्याचं गाव कुठलं आणि तिथे त्या दिवशी काय चाललं होतं, हे विचारायला कुणी थांबत नाही.

याच कादंबरीत संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा येतो. सायकलवरून घसरत आलेला छोटा सलीम मोर्चात जाऊन आदळतो, घाबरून गुजरातीतलं एक निरर्थक गाणं म्हणतो, मोर्चेकरी ते उचलतात, दंगल पेटते, आणि मुंबई राज्याचे तुकडे आपल्यामुळे झाले असं तो सांगतो. प्रसंग लिहिलाय अप्रतिम. इतिहासाचं ओझं आपल्यावरच आहे असं मानणाऱ्या मुलाचा तो भ्रम आहे, हेही मला कळतं. पण २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनला झालेल्या गोळीबारात १५ माणसं गेली आणि आंदोलन संपेपर्यंत हुतात्म्यांचा आकडा शंभरावर गेला. त्यांतले कितीतरी गिरणगावातले, आणि गिरणगाव म्हणजे चाकरमान्यांचं कोकण. त्या लोकांनी काय मागितलं होतं, हे त्या प्रसंगातून कुणालाही कळत नाही. आपल्या भाषेतल्या राज्यात आपल्याला उभं राहता यावं, कचेरीत गेल्यावर साहेबाशी बोलता यावं, ही त्यांची मागणी होती. ती स्वातंत्र्याचीच पुढची पायरी होती. बंगल्याच्या खिडकीतून ती घोषणा देणारी गर्दी म्हणून दिसली.

यावर एक उत्तर मला नेहमी मिळतं, आणि ते हलकं नाही. कादंबरी म्हणजे गॅझेटियर नव्हे. लेखकाने आपल्याला दिसलेलं लिहावं, जिल्हावार हजेरी घेऊ नये. शिवाय रश्दींच्या निवेदकाने गांधीजींच्या हत्येची तारीखच चुकवली आहे. चूक त्याच्या लक्षातही येते, आणि आपल्या कहाणीतल्या हिंदुस्थानात ते चुकीच्याच वेळी मरत राहतील, असं तो ठरवतो. अशा पुस्तकाकडे इतिहासाचा हिशेब मागणं म्हणजे भाबडेपणा. मला हे पटतं. पण एखादी तारीख चुकवायची तरी ती आधी पुस्तकात असावी लागते. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाची तारीख कुणी चुकवली नाही, कारण ती कुणी घेतलीच नाही. माझी तक्रार एका लेखकाशी नाही. पन्नास-साठ वर्षांत इतक्या कादंबऱ्या आल्या आणि त्या सगळ्यांच्या नजरा त्याच तीन-चार जागांवर खिळल्या, तेव्हा तो एकेकाचा स्वभाव उरत नाही. ते बसण्याच्या जागेचं लक्षण असतं.

मनोहर माळगांवकरांचंच पाहा. मराठी घरातला माणूस, राहायला सह्याद्रीच्या रानात, जगलबेटला. गोव्याची हद्द जवळ. त्यांनी १९५९ साली कान्होजी आंग्र्यांचं चरित्र इंग्रजीत लिहिलं, म्हणजे हा किनारा त्यांना परका नव्हता. त्यांनीच 'द प्रिन्सेस' ही संस्थानं खालसा होण्यावरची कादंबरी लिहिली, आणि ती मला त्यांची सर्वांत चांगली वाटते. पण ती राजपुत्राच्या तोंडून आहे. आमच्या जंजिऱ्यात, म्हणजे मुरूड, म्हसळा, श्रीवर्धनात, १५ ऑगस्टनंतरही नबाबाची गादी होती. ते संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं १९४८ साली, आणि त्यासाठी महाडच्या बाजूची तरुण मुलं झगडली. मोहन धारिया त्यांतलेच. तिथल्या रयतेला राजवाड्याची भिंत बाहेरून कशी दिसली असेल? मग माळगांवकरांनी स्वातंत्र्याच्या काळावर मोठी कादंबरी लिहायला घेतली, १९६४ सालची 'अ बेंड इन द गँजेस', तेव्हा ते पंजाबात गेले, अंदमानात गेले. ज्या किनाऱ्यावरच्या आरमाराचा इतिहास त्यांनी अभ्यासला होता, त्याच किनाऱ्यावर तेरेखोलच्या खाडीत १९४७ पासून १९६१ पर्यंत दोन देशांची सीमा होती. बांद्याहून पत्रादेवीला जाणारी वाट ही परदेशात जाणारी वाट होती. १५ ऑगस्ट १९५५ला, देशाच्या नवव्या स्वातंत्र्यदिनी, गोव्याच्या हद्दीत शिरणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या घातल्या. त्याच वर्षी लँबर्ट मास्कारेन्हस यांची 'सॉरोइंग लाइज माय लँड' ही गोव्याच्या पारतंत्र्यावरची इंग्रजी कादंबरी आली. म्हणजे हे इंग्रजीत लिहिता येत होतं आणि लिहिलंही गेलं. माझ्या पंचवीस वर्षांत ती एकदाही नेमलेली मी पाहिली नाही.

इंग्रजी भाषेचा दोष आहे असं मला म्हणायचं नाही, हे इथेच स्पष्ट करते. राजा रावांची 'कंथापुरा' १९३८ची, अजून देश पारतंत्र्यात असतानाची. सह्याद्रीच्या माथ्यावरचं गाव, खाली अरबी समुद्र, आणि गोष्ट सांगणारी एक म्हातारी. ती कीर्तनकारासारखी सांगत सुटते, श्वास न घेता, मधेच देवीला हात जोडत. आपली नसलेल्या भाषेत आपला जीव ओतायचा, असं त्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत म्हटलं आहे आणि पुस्तकाने ते करून दाखवलं. माझ्या विद्यार्थ्यांना सगळ्यांत जवळची वाटते ती हीच कादंबरी. मिठाचा सत्याग्रह आला की मी त्यांना शिरोड्याची गोष्ट सांगते. मे १९३० मध्ये वेंगुर्ल्याजवळच्या शिरोड्याला मिठागरावर सत्याग्रह झाला. त्या गावात तेव्हा वि. स. खांडेकर शाळेत शिकवत होते. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात उरणजवळ चिरनेरला जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. मुलं चमकून बघतात. चिरनेर त्यांना ठाऊक असतं, पण ते पेपरात बसेल असं त्यांना वाटलेलं नसतं.

मात्र 'कंथापुरा'तही अस्पृश्यांच्या घरात जाणारा मूर्ती आहे. तो वरच्या जातीचा तरुण आहे आणि त्याचं जाणं ही घटना आहे. मुल्कराज आनंदांची 'अनटचेबल' १९३५ची. मैला साफ करणाऱ्या बखाच्या एका दिवसाची गोष्ट. शेवटी त्याच्यापुढे तीन वाटा येतात: ख्रिस्ती पाद्री, गांधीजींचं भाषण, आणि मैला वाहून नेणारं यंत्र आलं की हे काम संपेल असं सांगणारा कवी. त्याच्या आठ वर्षं आधी, २० मार्च १९२७ला, महाडच्या चवदार तळ्यावर हजारो माणसं ओंजळीने पाणी प्यायली होती. त्याच वर्षी २५ डिसेंबरला तिथेच मनुस्मृती जाळली गेली. चौथी वाट समोर होती, चालून झालेली होती. ती बखाला कुणी दाखवली नाही. या कादंबरीचं मोल मी कमी करत नाही, पण पुढच्या कितीतरी दशकांतल्या इंग्रजी कादंबरीनेही स्वातंत्र्याच्या कथेत बाबासाहेबांना घटना समितीतल्या कोटापुरतंच ठेवलं. त्यांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातलं. कोकणच्या स्वातंत्र्याची पहिली तारीख माझ्या लेखी १५ ऑगस्ट नाही, २० मार्च आहे, आणि ती वीस वर्षं आधीची आहे. माझ्या वर्गात महाडची मुलं असतात तेव्हा हे वाक्य उच्चारायला मला एक वेगळीच जबाबदारी वाटते.

आणि दुसरी तारीख चरीची. हे लिहिताना मला तटस्थ राहता येणार नाही. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, अलिबागजवळच्या चरी गावात आणि आसपासच्या पंचवीस गावांत १९३३ साली कुळांनी संप केला. शेतच कसायचं नाही, असा संप. नारायण नागू पाटील पुढे होते, बाबासाहेबांचा पाठिंबा होता. तो सहा वर्षं चालला, १९३९ पर्यंत. सहा पावसाळे लोकांनी डोळ्यांदेखत शेत पडीक ठेवलं. खारेपाटातल्या माणसाला शेत ओस टाकणं म्हणजे काय, ते बांध फुटून खारं पाणी आत शिरलेलं ज्याने पाहिलं असेल त्यालाच कळेल. माझे आजोबा तेव्हा विशीतले. लाकूडफाटा विकून आणि मिठागरावर राबून त्यांनी ते दिवस काढले. या संपाच्या मधेच, १९३७ मध्ये, बाबासाहेबांनी मुंबईच्या विधानसभेत खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं आणि पुढच्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत नेला. खोती कायद्याने गेली ती १९४९ साली. १९४८चा कूळकायदा आला, आणि कसेल त्याची जमीन हे खऱ्या अर्थाने लागू झालं १ एप्रिल १९५७ पासून. आजोबांचं नाव सातबाऱ्यावर चढलं तेव्हा माझे वडील मराठी शाळेत जात होते. किंमत हप्त्याने भरायची होती. त्या पावत्या आजीने पत्र्याच्या पेटीत ठेवलेल्या, अजून आहेत. आमच्या घरात स्वातंत्र्याचा कागद कुठला, असं कुणी विचारलं तर मी त्या पावत्या काढून दाखवीन.

इथे मला एका इंग्रजी कादंबरीचे आभार मानायचे आहेत. विक्रम सेठ यांची 'अ सुटेबल बॉय' १९९३ साली आली. बहुतेक लोक ती लता नावाच्या मुलीच्या लग्नाची गोष्ट म्हणून वाचतात. मी ती जमीनदारी रद्द होण्याची गोष्ट म्हणून वाचते. काल्पनिक पूर्व प्रदेशात महसूलमंत्री महेश कपूर जमीनदारीविरोधी विधेयक पुढे रेटतो. दुसरीकडे देबारिया गावातला रशीद हा जमीनदार घरचा तरुण, कचेरू नावाच्या आपल्याच घरच्या दलित कुळाचं नाव पटवाऱ्याच्या दप्तरात लागावं म्हणून खटपट करतो. परिणाम उलटा होतो. घरच्यांना कळतं आणि कचेरूलाच जमिनीवरून हुसकावलं जातं. जन्मभर कसलेली जमीन गेलेला तो माणूस आपल्या नांगराकडे पाहतो, तिथे माझे आजोबा मला पहिल्यांदा इंग्रजीत दिसले. कायदा येणार हे कळताच कुळांना काढून टाकायची घाई कोकणातही झाली. तोंडी कराराची कुळं, कागदावर नाव नसलेली, रातोरात मजूर झाली. सेठ यांनी ते पाहिलं कारण ते मध्यरात्रीवर थांबले नाहीत. त्यांची कादंबरी १९५१-५२ची आहे, पहिल्या निवडणुकीची आहे. झेंडा लागून झाल्यावर तलाठ्याच्या टेबलावर काय होतं, तिथे त्यांनी नजर नेली.

आता आपल्या घरात डोकवायला हवं, नाहीतर हा लेख अप्रामाणिक होईल. मराठीने तरी काय केलं? कोकणावरची सर्वांत भव्य मराठी कादंबरी म्हणजे श्री. ना. पेंडशांची 'तुंबाडचे खोत', १९८७ची. जगबुडी नदीच्या काठावरची, दोन खंडांची. मी ती तीनदा वाचली आहे आणि पुन्हा वाचीन. तिच्या नावातच खोत आहेत. एका घराण्याचा उत्कर्ष आणि ऱ्हास तिच्यात इतका सखोल आहे की खोतांबद्दल मनात राग घेऊन मोठी झालेली मीसुद्धा त्यांच्यासाठी हळहळले. ही पेंडशांची ताकद. पण 'तुंबाडची कुळं' कुणी लिहिली नाही. चरीच्या सहा वर्षांवर तितक्या ताकदीची कादंबरी मराठीत मला सापडलेली नाही. म्हणजे ओटी इंग्रजीतच आहे असं नाही. मराठीतही आहे, फक्त थोडी बुटकी.

जे कादंबरीने टाळलं ते आत्मकथनांनी उचललं. ऊर्मिला पवारांचं 'आयदान' २००३ साली आलं. रत्नागिरीकडच्या बायका डोक्यावर भारे घेऊन डोंगर चढतात, आई बांबूची आयदानं विणत बसते, आणि त्या विणण्याबरोबर बाबासाहेबांनंतरचं कोकण उलगडत जातं. माया पंडितांनी ते इंग्रजीत नेलं, २००८ मध्ये. ते भाषांतर वर्गात वाचलं की कळतं, आपल्याकडे सामग्री होती, भाषा होती, वाचकही होता. मधली होडी नव्हती.

म्हणून मला दोन गोष्टी हव्या आहेत आणि त्या मागताना मी संकोच करणार नाही. कोकणातल्या महाविद्यालयांत स्वातंत्र्यकाळावरच्या इंग्रजी कादंबऱ्या शिकवाव्यातच, त्यांतली एकही कमी करू नये. पण त्यांच्या शेजारी, त्याच पेपरात, इथल्या मातीतलं पुस्तक ठेवावं आणि दोघांना एकमेकांशी बोलू द्यावं. 'मिडनाइट्स चिल्ड्रन'शेजारी 'आयदान', 'अ सुटेबल बॉय'शेजारी 'तुंबाडचे खोत'. इंग्रजीच्या पेपरात मराठी कशाला, हा आक्षेप मी अभ्यासमंडळांच्या बैठकांत पुष्कळदा ऐकला आहे. भाषांतरित रशियन कादंबरी इंग्रजीच्या पेपरात चालते, मग जगबुडीकाठचीच का चालत नाही? दुसरी गोष्ट भाषांतराची. पेंडसे इंग्रजीत जायला हवेत ते मोठ्या प्रकाशकाच्या यादीत, चांगल्या भाषांतरकाराला पुरेसे पैसे आणि वेळ देऊन. आपल्याकडे भाषांतर हे निवृत्तीनंतर फावल्या वेळात करायचं काम समजतात. तसं राहिलं तर जगाला आपलं स्वातंत्र्य बंगल्याच्या खिडकीतूनच दिसत राहील.

आणि नवं लिहिणाऱ्यांकडून मला काय हवं आहे? आज कोकणातल्या घराघरांत इंग्रजी शाळेत शिकलेली पिढी आहे. तिच्यातल्या कुणीतरी इंग्रजीत लिहावं, आणि लिहिताना लाहोरला जायची गरज नाही हे ओळखावं. एका सकाळी भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली बोट पुरेशी आहे. तिच्यात गिरणीवाला आहे, गोदीतला खलाशी आहे, बाळंतपणाला माहेरी निघालेली बाई आहे, कुलाबा जिल्ह्याच्या कोर्टात खोताविरुद्ध तारखेला निघालेलं कूळ आहे. एकोणतीस दिवसांनी देश स्वतंत्र होणार आहे आणि ते त्या सगळ्यांना माहीत आहे.

गेल्या वर्षी मी वर्गाला एक काम दिलं. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला विचारा, स्वातंत्र्य मिळालं म्हणजे आपल्या घरात काय बदललं, आणि उत्तर इंग्रजीत लिहून आणा. चाळीसेक वह्या आल्या. त्यांतल्या दोघांनीच झेंडावंदनाचं लिहिलं होतं. बाकीच्यांनी रेशनचं, विहिरीचं, मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीचं, एकीने आजीला शाळेत बसू दिल्याचं. पेझारीकडच्या एका मुलाने मात्र चार पानं मराठीतच लिहिली होती. मी त्याला बोलावलं. तो म्हणाला, "मॅडम, पहिल्याच ओळीत अडलो. डिक्शनरीत कूळ म्हणजे टेनंट दिलंय."

मी म्हटलं, मग तेच लिहायचं.

"पण टेनंट म्हणजे भाडेकरू ना? आमचे पणजोबा भाडेकरू नव्हते, मॅडम. ती जमीन त्यांनीच खाडीतून बांध घालून काढली होती."